ताईस, कोचीच्या पत्त्यावर

नाशिक,
रविवार, रात्र

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नाशिकरोडला मंगला एक्सप्रेस सुटली तेव्हा तू दारातून हात केलास. मी केला नाही. आईला म्हटलं, लगेजच्या डब्यात क्रेट नीट लागलेत का ते बघत होतो. खरं म्हणजे आदल्या रात्रीचं मनातून जात नव्हतं. कल्हईच्या नवसागराचा डबा मी तुझ्या हातातून असा हिसकवायला नको होता. एकतीस वर्षांची आहेस तू. "बाबा, तुम्हाला माझ्या कामात नुसता धूर दिसतो," असं तू म्हणालीस आणि वर निघून गेलीस. पाच दिवस झाले, ते घेऊनच हिंडतोय.

खोकल्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तुझी खोली आवरताना निळी वही सापडली. उघडायला नको होती, पण उघडली. शेवटच्या पानांवर हंडे, घंगाळं, कळश्या काढल्यात. वरून सुंभाने टांगलेल्या, एक वर, एक खाली, आणि सगळ्यांच्या मधून पेन्सिलची एक आडवी रेघ. बाजूला बारीक अक्षरात '१९६९' लिहिलंयस. मी खुर्चीत बसलो. दिवाळीपासून तू मागच्या अंगणात अण्णांच्या भांड्यांना कल्हई लावत होतीस आणि मी समजत होतो, जुनी भांडी चकचकीत करून टांगायची काहीतरी टूम आहे. ती गोष्ट मी तुला सांगितली तेव्हा तू सातवीत होतीस. लाईट गेली होती, मेणबत्तीही सापडत नव्हती.

मी नऊ वर्षांचा होतो. गोदावरीला पूर आला होता. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती केव्हाच बुडाला होता, भांडी बाजारात पाणी शिरलं आणि तांबट आळीत आमच्या उंबऱ्याशी आलं. अण्णांनी दुकानातले सगळे हंडे एकमेकांना बांधून तुळईला अडकवले, वाहून जाऊ नयेत म्हणून. पाणी चढलं तसे हंडे तरंगायला लागले आणि एकमेकांवर आपटायला लागले. आम्ही माडीवर अंधारात बसून रात्रभर तो आवाज ऐकला. आजी म्हणाली, "देवळात घंटा वाजताहेत असं समजा आणि झोपा." कोण झोपतंय!

हे तू कोचीत टांगणार आहेस, आणि मला सांगितलंही नाहीस. कदाचित सांगितलं असशील, मी ऐकलं नसेल. हल्ली तू बोलायला लागलीस की माझं लक्ष तुझ्या छातीच्या आवाजाकडे असतं.

बघ, आलोच तिथे.

तू पहिल्यांदा कोचीला गेलीस ते २०१२ साली. १२ डिसेंबरला बिएनाले, ते मोठं कलाप्रदर्शन, सुरू झालं होतं आणि तू कॉलेजच्या मुलींबरोबर गेली होतीस. आल्यावर दोन दिवस बोलत होतीस. अ‍ॅस्पिनवॉल हाऊस, समुद्राकाठची जुनी वखार, आणि तिथे शिल्पकार सुबोध गुप्तांनी केरळातल्या लांबलचक होडीत माणसाचा अख्खा संसार भरून ठेवलाय. मी विचारलं, मग ती होडी विकत कोण घेणार? तुझा चेहरा पडला. तो प्रश्न मी परत घेतो, तेरा वर्षांनी का होईना. प्रदर्शन संपलं की सगळं उतरवतात, मग एवढा खटाटोप कशाला, असंही मी पुष्कळदा म्हणालोय. आणि मीच तुला खांद्यावर बसवून रंगपंचमीला रहाड दाखवायला न्यायचो! वर्षभर रस्त्याखाली बुजवलेला हौद, एका दिवसासाठी उकरायचा, रंग भरायचा, लोकांनी आत उड्या घेऊन धप्पे मारायचे आणि पुन्हा फळ्या टाकून माती लोटायची. ती कोणी विकत घेत नाही. तिथे मला कधी प्रश्न पडला नव्हता.

तू सांगितलेलं मी विसरत नाही, पण मला भलतंच लक्षात राहतं. चिनी कलावंत आय वेईवेईचं सांगितलंस, २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात चिनी मातीच्या सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया पसरल्या होत्या, सोळाशे कारागिरांनी हाताने रंगवलेल्या. तुला ते कारागीर महत्त्वाचे. माझ्या डोक्यात बसलं ते पुढचं: लोक त्यावर चालायला लागले, धूळ उडाली, आणि आरोग्याला धोका म्हणून चालणं बंद करावं लागलं. प्रभाकर पाचपुतेंचं कात्रण तू फ्रीजवर लावलंस. चंद्रपूरकडच्या सास्तीचा मुलगा, घरातली माणसं कोळशाच्या खाणीत, आणि हा कोळशानेच भिंतीवर खाणकामगार काढतो. अभिमान वाटला, आपल्या मातीतला माणूस. आणि लगेच मनात आलं, ती काजळी रोज नाकात जात असेल. शिल्पकार इव्हा हेसवरचं पुस्तक चाळलं. रेझिन, फायबरग्लास, लॅटेक्स. १९७० मध्ये मेंदूतल्या गाठीने गेली, ३४ वर्षांची. रेझिनमुळे गेली असं मी म्हणत नाही. पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

तू अण्णांना पाहिलं नाहीस. भांडं भट्टीवर लाल व्हायचं, नवसागर टाकला की पांढरा धूर सरळ तोंडावर, आणि त्या धुरातच ते कापसाच्या बोळ्याने कथिल फिरवायचे. एका हातात. आतून चांदीसारखी लकाकी पसरत जायची, ते बघायला आम्ही पोरं दाटीवाटीने उभी राहायचो. शेवटची दोन वर्षं अण्णा आडवे होऊ शकले नाहीत. भिंतीला तीन उशा लावून बसून झोपायचे. त्या रात्री अंगणात तू धुरात वाकलीस, मान अगदी त्यांच्यासारखी डावीकडे कललेली. म्हणून माझा हात तसा आला.

सातपूरला प्लेटिंगमध्ये, धातूला मुलामा देण्याच्या कामात, चौतीस वर्षं काढली, तेव्हा एवढं माझं ऐक. तो कापडी मास्क धुराला काही कामाचा नाही. दोन बाजूंना गोल डबे असतात तो लागतो, आणि ते डबेही बदलावे लागतात. बंद वखारीत कल्हई लावायची नाही. वारा पाठीकडून घ्यायचा. आणि डॉक्टरांकडे जायचंच, नुसतं काढ्यावर... झालं, सुरू झालो. माफ कर. आई आतून ओरडतेय की पत्र आहे की सेफ्टीचा बोर्ड.

तसला मास्क काल घेतला, वेगळ्या पार्सलने येईल. डब्यांच्या चार जोड्या आहेत. नवसागराचा डबाही त्यातच ठेवलाय. तुझा आहे.

आता कामाचं. तुझी ती रेघ चुकली आहे. जमिनीपासून साडेपाच फूट लिहिलंयस, पाणी त्याच्या वर होतं. आज सकाळी तांबट आळीत जाऊन आलो. घर आता दुसऱ्यांचं, पण त्यांनी आत येऊ दिलं, चहाही दिला. जिन्याजवळच्या खांबावर अण्णांनी छिन्नीने केलेली खूण अजून आहे. तिच्यावर चार वेळा ऑइलपेंट बसलाय, बोट फिरवलं की लागते. टेप न्यायला विसरलो, म्हणून त्या बाईंकडून दोरा घेतला आणि खुणेपासून उंबऱ्यापर्यंत मापून तोडला.

दोरा याच पाकिटात आहे. गाठ मारली आहे ती उंबऱ्याकडची बाजू.

तुझा,
बाबा