टर्कीचा हिशेब मादीच्या घरट्यापासून मांडा

संपादक महोदय,

मार्च-एप्रिल आला की अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग जुना वादही. पक्ष्यांचा विणीचा काळ चालू असताना शिकारीला परवानगी देतातच कशी, असे एक बाजू विचारते. शिकाऱ्यांच्या पैशावरच हा पक्षी वाचला, असे दुसरी बाजू सांगते. दोघांचेही बोलणे नरांभोवती फिरते: किती मारले, किती मारू द्यावेत. टर्की वाढणार की घटणार हे मात्र मादीच्या घरट्यात आणि पिल्लांच्या पहिल्या दोन आठवड्यांत ठरते. हंगामाचे नियम, जमिनीची देखभाल आणि शिकाऱ्याची शिस्त या तिन्ही गोष्टी तिथून मोजायला हव्यात, म्हणून हे पत्र.

आधी विणीचे गणित. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि तिथेच त्याचे काम संपते. घरटे, उबवण, पिल्ले यांत त्याचा वाटा काहीच नाही. मादी जमिनीवरच, झुडपाच्या किंवा उंच गवताच्या आडोशाला, पालापाचोळ्यात उथळ खळगा करते, रोज साधारण एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि मग खुडूक बसून सुमारे २८ दिवस ती उबवते. एकदा जुगल्यावर नराचे शुक्राणू तिच्या शरीरात कित्येक आठवडे टिकतात. पहिले घरटे उधळले गेले तरी ती पुन्हा अंडी घालू शकते, आणि तीही बहुधा फलित असतात. त्यामुळे माद्या जुगून झाल्यावर काही नर कमी झाले, तर त्या वर्षीच्या अंड्यांत फारसा फरक पडत नाही. वसंतात फक्त दाढी असलेला पक्षी मारण्याची मुभा बहुतेक राज्ये देतात, तिचा आधार हाच. दाढी म्हणजे नराच्या छातीवरून लोंबणारा, केसांसारख्या राठ पिसांचा झुबका.

‘जुगून झाल्यावर’ या अटीतच खरी मेख आहे. नराच्या गॉबल सादेला वसंतात दोनदा भर येतो. हिवाळी थवे फुटून जुगण्याला सुरुवात होते तेव्हा पहिल्यांदा, आणि बहुतेक माद्या अंड्यांवर बसल्यामुळे नर एकटे पडतात तेव्हा दुसऱ्यांदा. हंगाम दुसऱ्या भराच्या सुमारास उघडावा, असा जीवशास्त्रज्ञांचा जुना सल्ला होता. तोवर माद्या जुगलेल्या असतात, दिवसाचा बराच वेळ घरट्यावर काढत असल्याने चुकून छर्रे लागण्याचा धोका कमी होतो, आणि एकटा पडलेला नर कॉललाही, म्हणजे शिकाऱ्याने काढलेल्या मादीच्या नकली आवाजालाही, लवकर येतो. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत मात्र हंगाम मार्चमध्येच, म्हणजे पहिल्या भरातच, उघडत आला. वरचढ नर सुरुवातीलाच टिपले गेले तर नरांची उतरंड विस्कटते, जुगणे लांबते आणि अंडी उशिरा पडतात, अशी शंका जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन यांच्यासारख्या संशोधकांनी मांडली. टेनेसीत काही काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) हंगाम दोन आठवडे उशिरा उघडून हे तपासलेही गेले. घरट्यांची वेळ आणि पिल्लांचे प्रमाण यांत ठोस सुधारणा दिसली नाही.

म्हणून तारखा पुन्हा मार्चमध्ये ओढाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. उशिरा उघडण्याने चुकून मरणाऱ्या माद्या वाचतात, हे कारण एकटेच पुरेसे आहे. पण तारीख सरकवली की पिल्ले वाढतील, असे आश्वासन कोणी देऊ नये.

मर्यादेचेही, म्हणजे एका शिकाऱ्याने हंगामात किती नर मारावेत याचेही, तसेच. जॉर्जियाने २०२२ मध्ये हंगामाची मर्यादा तीन नरांवरून दोनवर आणली. अलाबामाने पाचाचे चार केले आणि पहिल्या दहा दिवसांत डिकॉय, म्हणजे टर्कीची नकली प्रतिकृती, वापरायला मनाई केली. टेनेसीत २०२३ पासून दोनच नर मारता येतात आणि त्यांतला जेक, म्हणजे एक वर्षाचा कोवळा नर, एकच चालतो. मिसिसिपी आणि आर्कान्सा प्रौढ शिकाऱ्याला जेक मारूच देत नाहीत. हे शेवटचे बंधन आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते, कारण आज सोडलेला जेक पुढच्या वसंतात दोन वर्षांचा होतो आणि सर्वाधिक साद तोच घालतो. मर्यादा तिनाची दोन केल्याने मात्र वाटतो तितका फरक पडत नाही. बहुतेक शिकाऱ्यांच्या हाती अख्ख्या हंगामात एखादा पक्षी लागतो किंवा एकही लागत नाही, त्यामुळे कपातीचा चिमटा थोड्यांनाच बसतो. वसंतात प्रौढ नरांपैकी साधारण ३० टक्क्यांहून जास्त मारले जाऊ नयेत, असा ढोबळ नियम वन्यजीव व्यवस्थापनात वापरतात. तो पाळला जातो की नाही हे कळण्यासाठी हिवाळ्यात नर पकडून त्यांच्या पायात क्रमांकाचे कडे अडकवतात. कडे असलेला पक्षी मारूनही न कळवणारा शिकारी हा अंदाजच बिघडवतो. शरद ऋतूतल्या हंगामाला वेगळे माप लावावे लागते, कारण तिथे अनेक ठिकाणी माद्याही मारता येतात आणि माद्यांची थोडीशी जास्तीची हानीदेखील संख्या खाली ओढते. संख्या घसरत असेल तर पहिली कात्री शरदातल्या मादीशिकारीला लागायला हवी.

शिकारीचा वार्षिक आकडा वाचताना एक गफलत नेहमी होते. यंदा जास्त नर मारले गेले म्हणजे टर्की मजेत आहे, असे समजले जाते. यंदाच्या शिकारीत मोठा भरणा दोन वर्षांच्या नरांचा असतो, म्हणजे तो आकडा दोन वर्षांपूर्वीची वीण सांगतो. मधले वर्ष पिल्लांविना गेले असले तरी यंदाचा आकडा झकास दिसू शकतो. खरी नाडी उन्हाळ्यातल्या पाहणीत सापडते: एकूण माद्यांमागे किती पिल्ले. दर मादीमागे दोनच्या आसपास किंवा जास्त पिल्ले असतील तर संख्या टिकते. सलग काही वर्षे हे प्रमाण त्याच्या बरेच खाली राहिले, तर शिकार पूर्ण बंद करूनही ती सावरेलच असे नाही.

पिल्ले कमी का पडतात? बहुतेक घरटी मुळात तडीलाच जात नाहीत. रॅकून, ओपॉसम, स्कंक, कावळे आणि साप अंडी खातात. कायोटी आणि बॉबकॅट खुडूक बसलेली मादीच उचलतात. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले पहिले दहा-चौदा दिवस झाडावर उडून बसू शकत नाहीत, रात्री जमिनीवर आईच्या पंखाखाली राहतात. याच काळात त्यांना मुख्यतः कीटक हवे असतात, कारण बियाण्यावर त्यांची वाढ भागत नाही. सलग थंड पाऊस पडला तर पिल्लांची लव भिजते आणि ती गारठून मरतात. पाऊस आपल्या हातात नाही, गवत आहे.

घरट्याला गुडघा-मांडीइतके उंच, दाट, थोडे विस्कटलेले आच्छादन लागते. पिल्लांना लागणारी जागा निराळी: वरून रुंद पानांच्या रानटी झाडोऱ्याची सावली, खाली उघडी जमीन, आणि उंची अशी की आईने मान वर केली तर तिला पलीकडचे दिसावे. टॉल फेस्क्यूसारख्या गवताची सतरंजी पसरली की त्यातून पिल्लांना चालताही येत नाही आणि कीटकही मोजकेच मिळतात. दाट, अंधाऱ्या जंगलातही जमिनीवर काही उगवत नाही. आधी विरळणी करून ऊन खाली पोचवावे, मग दर दोन ते पाच वर्षांनी नियंत्रित आग फिरवावी. सगळे क्षेत्र एकाच वर्षी जाळू नये. छोटे तुकडे पाळीपाळीने जाळले, तर जळालेला आणि न जळालेला भाग शेजारी-शेजारी राहतात. मादी एकात घरटे करते आणि पिल्ले दुसऱ्यात चरायला नेते. वसंतातल्या आगीत घरटी जळतात म्हणून आगच नको, असे म्हणणारे बरेच भेटतात. काही घरटी जातात हे खरे, पण जळालेली मादी क्वचितच सापडते, आणि न जाळलेल्या रानात घरट्यालायक जागा कमी होत जाते.

चारा कापणी याहून जास्त घातक ठरते. मे-जूनमध्ये गवतात बसलेली मादी यंत्राचा आवाज ऐकून उठत नाही, आणखी दबून बसते आणि पात्याखाली जाते. शक्य असेल तिथे कापणी जुलैच्या उत्तरार्धापर्यंत थांबवावी. नसेल तर शेताच्या मधून सुरुवात करून कडेकडे यावे, म्हणजे पक्ष्याला बाहेर पळायला वाट राहते. भक्षकांना सापळे लावण्याचा उपाय अनेकांना सोपा वाटतो. तो विणीच्या अगदी तोंडावर, जोर लावून आणि दर वर्षी केला तरच काही फरक पडतो. रॅकूनची रिकामी जागा लवकर भरते. आच्छादन सुधारल्याशिवाय सापळ्यांवर वेळ घालवू नये.

संख्या घसरली की ‘पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी आणून सोडा’ ही मागणी पुन्हा डोके वर काढते. तिला ठाम नकार द्यायला हवा. १९३० च्या दशकात देशभरात ही टर्की जेमतेम काही लाख उरली होती, आणि पाळीव उबवणीतले पक्षी सोडण्याचे प्रयोग दशकानुदशके फसले. आईविना वाढलेल्या पिल्लांना शत्रू ओळखता येत नाही, रात्री झाडावर थारा घ्यायचा हेही ती शिकलेली नसतात. खरी उभारी जंगली थवे पकडून दुसरीकडे हलवल्यावर आली. १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय जंगलात तोफजाळ्याने (तोफेने उडवून थव्यावर टाकायच्या जाळ्याने) जंगली टर्की पकडता येऊ लागल्या आणि मार्ग मोकळा झाला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे लांब बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव कामाला मिळत गेला, त्यातून बरेच काम झाले. १९७३ मध्ये नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही टर्कीच्या संवर्धनाची संस्था उभी राहिली. या शतकाच्या सुरुवातीला संख्या ६५ ते ७० लाखांच्या घरात गेली होती. आता ती साठ लाखांच्या आसपास मानली जाते. पाळीव पक्ष्यांबरोबर आजारही येतात. ब्लॅकहेड रोगाचा परजीवी कोंबड्यांच्या आतड्यातल्या जंतामार्फत पसरतो, म्हणून टर्कीच्या वावराच्या शेतात ताजे कोंबडीखत टाकू नये. बुरशी आलेल्या मक्याचे ढीगही ठेवू नयेत, त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष टर्कीला बाधते. आमिष टाकून टर्की मारणे बहुतेक राज्यांत गुन्हाही आहे. एलपीडीव्ही (लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसीज व्हायरस) हा विषाणू अमेरिकेतल्या जंगली टर्कीत २००९ मध्ये प्रथम सापडला. तो अंगात असलेले बरेच पक्षी धडधाकट दिसतात, पण चेहऱ्यावर किंवा पायांवर गाठी दिसल्या तर पक्षी फेकून न देता राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवावे.

आता बंदूक हाती घेणाऱ्यांसाठी. दहातल्या एखाद-दुसऱ्या मादीलाही दाढी असते. अनेक ठिकाणी ती मारणे कायदेशीर असले तरी मारू नये. नराचे डोके लाल-पांढरे-निळे आणि उघडे, छातीच्या पिसांची टोके काळी. मादीचे डोके करडे-निळसर, छातीच्या पिसांची टोके तपकिरी. जेकचा पिसारा फुलला की मधली पिसे बाकीच्यांपेक्षा लांब दिसतात, प्रौढाची कड सलग असते. एवढे स्पष्ट दिसत नसेल तर चापावर बोट नेऊ नये.

नेम नेहमी डोके-मानेवर धरावा. अंगावरची पिसे आणि छातीचे मांस छर्रे अडवतात. पक्षी उडून जातो आणि दूर कुठेतरी मरतो, कुणाच्या मोजणीत न येता. पिसारा फुलवलेल्या नराची मान आखडलेली असते. मादीसारखा एक हलका ‘क्लक’ आवाज केला की तो मान उंचावतो, तेवढे थांबावे. मागे माद्या उभ्या असतील तर तो वेगळा होईपर्यंत गोळी झाडू नये, छर्रे पसरतात. हंगामाआधी ४० यार्डांवर मोठा कागद लावून, ज्या चोकने (छर्र्यांचा फैलाव आवळणाऱ्या, नळीच्या तोंडच्या भागाने) आणि काडतुसाने शिकार करायची त्यानेच, बसून गोळी झाडावी आणि १० इंचांच्या वर्तुळात पडलेली भोके मोजावीत. शंभर असतील तर ठीक. कमी असतील तर चोक किंवा काडतूस बदलावे, नाहीतर अंतर कमी करावे. चार, पाच, सहा नंबरच्या शिशाच्या छर्र्यांना ४० यार्ड ही हद्द समजावी. टंगस्टनचे नऊ नंबरचे छर्रे शिशापेक्षा दीडपटीहून घन असल्याने लांबवर भेदतात, आणि त्याच भरवशावर लोक ६०-७० यार्डांवर बार टाकू लागले आहेत. त्या अंतरावर अंदाज पाच-दहा यार्डांनी चुकणे अगदी सहज घडते आणि छर्र्यांचा घोळका विस्कटलेला असतो. महाग काडतूस घेऊनही ४० यार्डांचीच शिस्त पाळावी.

लाल, पांढरे, निळे काही अंगावर नको, दुसऱ्या शिकाऱ्याला ते नराचे डोके वाटू शकते. खांद्यांहून रुंद झाडाला पाठ लावून बसावे, सादेच्या दिशेने दबकत जाऊ नये. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात न हलवता मोठ्याने बोलावे. टर्कीचा पिसारा हातात धरून त्याच्याआड लपून नराकडे सरपटत जाण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. समोरच्या माणसाला तिथे टर्कीच दिसते.

अमेरिकेत राहणाऱ्या, कधीही बंदूक न उचलणाऱ्या वाचकांनाही एक काम करता येईल. जुलै-ऑगस्टमध्ये अनेक राज्यांची वन्यजीव खाती टर्कीच्या नोंदी ऑनलाइन घेतात. थवा दिसला की माद्या वेगळ्या, पिल्ले वेगळी आणि नर वेगळे मोजून तारीख आणि काउंटीसह लिहावे. उंच गवतात काही पिल्ले लपलेली असतील असे वाटले, तर मोजणी अपुरी असल्याचे नमूद करावे. पिल्ले सोबत नसलेली एकटी मादी दिसली तर तीही न चुकता नोंदवावी. लोक ती गाळतात, मग दर मादीमागची पिल्ले फुगून दिसतात आणि त्याच फुगलेल्या आकड्यावर पुढच्या हंगामाची मर्यादा ठरते.

आपले,
रानपक्ष्यांचे काही अभ्यासक