शनिवारी थांबलेल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपली भेट एकदाच झाली, तीही दहा मिनिटांची. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही सर्जनना पेढे दिले, वॉर्डातल्या सिस्टरांना दिले. काचेवरचा नमुना वाचणारं माणूस कुठे बसतं, हे तोवर ठाऊकच नव्हतं. ते माझ्या मनाला लागून राहिलंय, म्हणून हे जाहीर पत्र.

ताईने मला तिच्या यकृताचा उजवा भाग दिला. अठराव्या दिवशी माझं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ४० वरून ३१० वर गेलं, डोळे पुन्हा पिवळे झाले. डॉपलर सोनोग्राफीमध्ये रक्तपुरवठा ठीक होता. मग रिजेक्शन, म्हणजे माझ्या शरीराने नवं यकृत नाकारणं, इन्फेक्शन की पित्तनलिकेत अडथळा? एलएफटीचे, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीचे आकडे यकृत दुखावलंय एवढंच सांगतात, कशाने ते सांगत नाहीत. आणि रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची, इन्फेक्शन असेल तर बहुतेक वेळा कमी करायची. अंदाजावर चालण्याची सोयच नव्हती.

बायोप्सी, म्हणजे सुईने यकृताचा बारीक तुकडा काढणं, झाली शनिवारी दुपारी. तुम्ही घरी निघाला होतात, हे मला फार नंतर कळलं. रात्री साडेनऊला वॉर्डात तुमचा फोन आला आणि दहाच्या आत स्टेरॉइडचं सलाइन लागलं. सोमवारची वाट बघावी लागली नाही.

पुढे तुम्ही मला मायक्रोस्कोपमधून ती स्लाइड दाखवलीत. पोर्टल भागात (जिथून रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जातात) दाटलेले जांभळे ठिपके, म्हणजे माझ्याच लिम्फोसाइट, प्रतिकारशक्तीच्या पेशी, कुरतडल्यासारखी पित्तनलिका, शिरेच्या अस्तराखाली घुसलेल्या पेशी. रिजेक्शनची तीव्रता मोजण्याच्या बॅन्फ पद्धतीत या तिन्हींना शून्य ते तीन गुण. माझे २, २ आणि १, म्हणजे ९ पैकी ५.

यकृतात सुई न खुपसता हे रक्तातून कळेल का, असं मी विचारलं. तुम्ही घाई न करता समजावलंत. यकृताच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. नव्या यकृताचे तुकडे ताईचे, बाकीचे माझे. सख्खी भावंडं असलो तरी ते वेगळे ओळखता येतात. ताईच्या तुकड्यांचं प्रमाण वाढलं की समजावं, यकृताला इजा होतेय. लिम्फोसाइटना बोलावून घेणारी सीएक्ससीएल१० सारखी प्रथिनंही बायोमार्कर, म्हणजे आजाराची रक्तातली खूण, म्हणून तपासली जात आहेत. पण इन्फेक्शनने पेशी मेल्या तरी डीएनए वाढतोच, त्यामुळे शंका आली की अजून बायोप्सीच, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा दिली नाहीत, त्याबद्दल तर विशेष आभार.

आता एसजीपीटी ३४ आहे. टॅक्रो लेव्हलसाठी, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस रक्तात किती आहे ते बघण्यासाठी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देतो, एकदाही चुकवलेलं नाही.

माझ्या रक्तात तिचा डीएनए फिरतोय हे ऐकल्यापासून ताई मागे लागली आहे. तिला ती स्लाइड बघायची आहे. पुढच्या तपासणीला तिला घेऊन आलो तर चालेल का?

आपला कृतज्ञ,
एक पेशंट