बाबा, तुमचा गिलावा आम्ही काढला

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बोलणं होतंच, तरी मुद्दाम हे पत्र लिहायला बसलेय. इथे गावाला रेंज मिळते ती पाखाडीच्या, म्हणजे घराकडे उतरणाऱ्या दगडी वाटेच्या, वरच्या टोकाला. या पावसात छत्री सावरत तिथे उभं राहून मनातलं धड बोलता येत नाही. शिवाय मागे मी "माजघराच्या भिंतींचं काम काढलंय" म्हणाले, तेव्हा बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिलात. तेव्हाच ठरवलं, सगळं सविस्तर लिहून कळवायचं.

म्हणून आधी तेच लिहिते. गावच्या घराला तुम्ही १९९४ च्या मे महिन्यात केलेला सिमेंटचा गिलावा आम्ही काढला. ओटीचा, माजघराचा, देवघराचा, सगळा. छिन्नी-हातोडा घेऊन आम्ही दोघंच करत होतो, त्याला एकवीस दिवस लागले.

मला तो मे महिना आठवतो. मी दुसरीत होते. पीएफमधून पैसे काढून तुम्ही सिमेंट आणलं होतंत. गाडी वरच्या रस्त्यावरच थांबली आणि एकेक पोतं पाठीवर घेऊन तुम्ही पाखाडी उतरत होतात. डोंबिवलीहून वीस दिवसांच्या रजेवर आलेला माणूस, पण त्या रजेत एक दुपार तुम्ही आडवे झाला नाहीत. भिंतींना पाणी मारायचं काम माझं आणि ताईचं, सकाळ-संध्याकाळ, तांब्यांनी. आजी ओटीवरून बघायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "घर पक्कं केलं हो माझ्या मुलानं." छिन्नीचा पहिला घाव घालताना हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तो घाव मी घातला नाही, तुमच्या जावयांनी घातला. दुसऱ्या दिवसापासून मीही घालायला लागले, कारण आत काय झालं होतं ते तोवर दिसलं होतं.

गिलावा वाजवला की पोकळ वाजायचा. एका जागी फोडला आणि ताटाएवढा तुकडा अख्खाच्या अख्खा सुटून खाली आला. मागचा चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, ओला होता. एप्रिलमध्ये, बाबा. बाहेर अंग भाजणारं ऊन आणि आत कमरेच्या उंचीपर्यंत ओल. बोट फिरवलं तर तांबडी माती हाताला यायची, वरच्या थरात पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुललेला. जांभा जमिनीतलं पाणी वर ओढतो, त्याला छिद्रंच तेवढी असतात. जुना गिलावा चुन्याचा होता, तेव्हा ते पाणी भिंतीतून हळूहळू बाहेर पडून वाळून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद केली. मग पाणी आतल्या आत अडकून राहिलं आणि भिंतीत घुसवलेलं तुळईचं टोकही ओलं राहत गेलं. ओल्या लाकडाला वाळवी लागायला काय वेळ लागतो? माजघराच्या तुळईचं उगवतीकडचं टोक मी चिमटीत धरलं तर नुसता भुगा हातात आला.

हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाहीये. त्या काळात वाडीतल्या ज्याला जमलं त्यानं हेच केलं, आणि गवंडीही हेच सांगत होते. पण तुम्ही मनाशी धरून बसलायत की आपण गावाला फिरकलो नाही म्हणून घर खचलं, निसर्ग वादळाच्या वेळी आपण तिथे असतो तर वाचलं असतं. म्हणून सांगतेय. ३ जून २०२० ला अर्ध्या दापोली तालुक्याची कौलं उडाली, घरात माणसं असलेल्या घरांचीसुद्धा. तुम्ही तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरात अडकला होतात, प्रवासाच्या ई-पाससाठी हेलपाटे घालत होतात, मला ठाऊक आहे. वादळानं छपराचं मागचं पाखं नेलं हे खरं, पण तुळई त्याच्या कितीतरी आधीपासून पोखरत आली होती.

मार्चमध्ये एक ठेकेदार बघायला आला होता. उंबऱ्यातूनच त्यानं सांगितलं, पाडा आणि स्लॅब टाका, दुसरा इलाज नाही. माझा जीव खाली-वर झाला. मग खालच्या वाडीतले सुतारकाका आले, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी प्रत्येक खांबाला आणि तुळईला सुतारकामाचं किकरं टोचून पाहिलं. सगळं घर फिरून झाल्यावर चहा मागितला आणि म्हणाले, "लाकूड ऐनाचा आहे. दोन टोकां गेलीत, बाकी तुमच्या नातवंडांपुरता आहे." तुळईला खालून धिरे, म्हणजे टेकू, दिले, सडका दोन हात भाग कापून टाकला आणि फणसाचा जून तुकडा तिरका सांधा करून बसवला. सांधा त्यांनी केला. आम्ही धरायला, उचलायला आणि शिकायला होतो. आता ती टोकं भिंतीत चिणलेली नाहीत, भोवती बोटभर जागा मोकळी ठेवलीये, वारा लागावा म्हणून. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल दिलं. ते हातमोजे न घालता लावायचं नसतं, हे आम्हाला जावईबापूंचे दोन्ही तळहात सोलवटल्यावर कळलं. आई, काळजी करू नकोस, आता पूर्ण बरे आहेत.

भिंतीच्या सांध्यात मला एक गोष्ट सापडली. चुन्यात रुतलेला शिंपीचा तुकडा, नखाएवढा, भट्टीत पुरता न जळलेला. एका बाजूनं अजून चमकतो. पणजोबांच्या वेळचा चुना खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला होता, हे आजी सांगायची ते असं हाताला लागलं. तुकडा डबीत ठेवलाय, तुम्हाला दाखवीन.

आम्हाला शिंपल्यांचा चुना मिळाला नाही. कळीचा चुना पोत्यांनी आणला आणि पिंपात विरवला. आधी पाणी आणि त्यात थोडी थोडी कळी, उलट कधीच करायचं नाही. टाकली की पिंप खदखदायला लागतं, वाफ वर येते, हात लावता येत नाही इतकं पत्र्याचं पिंप तापतं. डोळ्यांना चष्मे लावूनच करत होतो. तीन आठवडे मुरला तेव्हा लोण्यासारखा झाला. एक भाग चुना, तीन भाग नदीची धुऊन चाळलेली वाळू, आणि कालवायला हिरडा आणि गूळ भिजत घातलेलं पाणी. हे पाण्याचं गवंडीकाकांनी सांगितलं. लहानपणी त्यांनी वडिलांबरोबर चुना मळायच्या घाणीवर काम केलंय. चार दिवस आले, थापी कशी धरायची ते दाखवलं आणि पाचव्या दिवशी म्हणाले, आता तुमचं तुम्ही.

पहिली भिंत तडकली. देवघराची. लावली तेव्हा काय सुंदर दिसत होती, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तो कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. एप्रिलचा वारा खिडकीतून सरळ भिंतीवर येत होता, तिला वाळायला वेळच दिला नाही. मी उंबऱ्यावर बसून रडले, आई. किती आठवड्यांची थकावट होती ती, एकट्या भिंतीची नव्हे. सगळं खरवडून पुन्हा लावलं, या वेळी समोर ओली गोणपाटं टांगली, भेगा पडायच्या आधी हातानं पुन्हा पुन्हा घोटलं. चुना एका दिवसात घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत घेत महिनोनमहिने त्याचा पुन्हा दगड होत राहतो. आत्ताही होतोय.

कौलं मेच्या पहिल्या आठवड्यात उतरवली. तुमचे जावई शिडीवर, मी खाली. दोन हजार तीनशे कौलं हातातून गेली. प्रत्येक कौल डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचं. चांगलं असलं तर खणखणीत वाजतं, भेग असली तर बद्द. पहिले दोन दिवस मला फरक कळत नव्हता. नंतर इतका कळायला लागला की ते वरून कौल सरकवायचे तेव्हा नुसत्या घासण्याच्या आवाजावरून मी सांगायची. सातशे बाद झाली. तेवढी जुनीच मिळाली, शेजारच्या वाडीत एक घर पाडत होते तिथून, नगाला १२ रुपये. विकत घेताना बरं वाटलं नाही. त्या घराचीही कोणीतरी वर्षानुवर्षं शाकारणी केलीच असेल.

बाबा, आणखी एक. कौलावरच्या शिक्क्यात १८६५ आहे म्हणून तुम्ही आम्हाला लहानपणी सांगायचात, ही कौलं १८६५ सालची. ते साल कौलाचं नव्हे, मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला त्या सालाचं. आपली कौलं त्याच्या बरीच नंतरची. पण ती हर्णै बंदरात उतरली आणि तिथून बैलगाडीनं आली ही आजोबांची गोष्ट मी तशीच सांगत राहणार आहे.

आता आई, तुझं. ताईनं विचारलं, जमीन शेणानं सारवलेलीच ठेवणार ना, किती छान वाटतं. मी नाही म्हटलं. पाहुणे येऊन अनवाणी फिरून जातात त्यांना छान वाटतं. गणपतीच्या आधी दोन दिवस माजघर, ओटी, पडवी, अंगणातलं खळं सगळं तू एकटी ओणवी होऊन सारवायचीस, मुंबईहून रात्रीच्या प्रवासानं येऊन. परत जाताना एसटीत तुझी कंबर धरलेली असायची आणि तू कोणाला सांगायची नाहीस. मी तुझ्या शेजारी बसलेली असायचे, मला दिसायचं. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघरात लाल कोबा केलाय, ओल्या फडक्यानं पुसला की झालं. फक्त पुढचं खळं मातीचं ठेवलंय. ते मी आणि तुमचे जावई चोपणार, आम्हीच सारवणार. तू ओट्यावर बसून चुका काढ.

पडवीतून एक दार काढून न्हाणी आणि संडास आत घेतलाय. एकही पायरी नाही, भिंतीला धरायला दांडी आहे, रात्रीसाठी दिवा आहे. तुझ्या गुडघ्यांमुळे तू तीन वर्षं गावाला यायचं टाळलंस. कारण मात्र दरवेळी दुसरं सांगितलंस. आता ते चालणार नाही.

वायरिंग नवं केलंय, घराच्या असेसमेंटचा उतारा काढलाय, काकांनी संमतीपत्रावर सही दिलीये. त्यातलं भेटीत बोलू.

पावसाचं सांगायचं राहिलं. मिरगाच्या दुसऱ्या रात्री लागला. वीज गेलेली. आम्ही दोघं बॅटऱ्या घेऊन माजघरात उभे, खाली मिळतील ती सगळी पातेली आणि बादल्या मांडून ठेवलेल्या. तासभर वर बघून मान अवघडली. देवघराच्या कोपऱ्यात एक थेंब पडला, मग थोड्या वेळानं आणखी एक. छपराच्या कोन्याखालचं एक कौल किंचित सरकलं होतं, ते सकाळी चढून बसवलं. बाकी सगळ्या पातेल्यांचे तळ कोरडे. पागोळ्यांचा आवाज मात्र असा होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग दार उघडून ओटीवर जाऊन बसलो आणि सगळं खळं पाण्यानं भरताना बघत राहिलो. ओटीच्या त्या डाव्या खांबाशी आजी बसायची ना, मी तिथेच टेकले होते.

आता महिना झाला रोज पाऊस आहे. भिंती थंड लागतात, दमट लागत नाहीत. कुबट वास गेला. तुम्ही आल्यावर स्वतः हात लावून बघा.

गणपती या वेळी इथेच आणायचे आहेत. खेडपर्यंतची तिकिटं ताई काढणार आहे, खेडला आम्ही गाडी घेऊन येतो. पाखाडीला एका बाजूनं कठडा बांधून घेतलाय, सावकाश उतरता येईल.

आणि बाबा, देवघराच्या मागची भिंत आम्ही मुद्दाम लावलेली नाही. तिच्यावरचा गिलावा काढून सांधे साफ करून ठेवलेत. तिच्यापुरता चुना पिंपात आहे, वर वीतभर पाणी ठेवलंय. पाण्याखाली तो खराब होत नाही, जितका राहील तितका मुरतो, त्यामुळे घाई काही नाही. गणपती झाले की तुम्ही चार दिवस जास्त राहा. मी माल कालवून देईन, थापी तुम्ही धरा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, येताना तुझ्या दोन-तीन जुन्या सुती साड्या आण, अगदी विरलेल्या असल्या तरी चालतील. वरून द्यायची सफेदी वस्त्रगाळ करावी लागते आणि बाजारच्या कापडातून ती नीट गळत नाही.