पांढऱ्याचा मध्य कुठं न्यायचा

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पूल खेळताना सरळ बॉल जातात, पण जरा कट आला, म्हणजे बॉल कोनात पाठवायचा असला, की बॉल जाडच लागतो (पांढरा त्याच्या मध्याकडं जास्त येतो) आणि पॉकेटच्या अलीकडं टेबलाच्या कुशनला आपटतो, हे तू नेमकं लिहिलंस ते फार बरं झालं. चूक दर वेळी एकाच बाजूला होत असेल तर दोष हाताचा नसतो, नेमाच्या जागेचा असतो. हात डळमळत असता तर बॉल कधी जाड लागला असता, कधी पातळ.

पॉकेटच्या मध्यापासून रंगीत बॉलच्या मध्यातून एक रेष मनात ओढ. ती बॉलच्या पाठीमागं जिथं बाहेर पडते, तिथं पांढऱ्यानं, म्हणजे आपण मारतो त्या बॉलनं, टेकायचं असतं. ही जागा तुला बरोबर दिसते. घोटाळा त्यापुढं आहे. तू क्यू (मारायची काठी) थेट त्या जागेवर रोखतोस, म्हणजे पांढऱ्याचा मध्य तिथं पाठवतोस. पण पांढराही गोल आहे. त्याचा मध्य तिथवर पोचायच्या आधीच त्याचं अंग रंगीत बॉलला आतल्या बाजूला टेकतं.

पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तीस अंशांचा कट घे. पांढऱ्याच्या मागून बघितलंस तर टेकायची जागा रंगीत बॉलच्या मध्यापासून साधारण १४ मिलिमीटर बाजूला दिसते. मध्य तिथं रोखलास तर प्रत्यक्षात कट पडतो साडेचौदा अंशांचा. पॉकेट अर्ध्या मीटरवर असलं तरी बॉल १३-१४ सेंटिमीटर चुकतो. तुझं दुखणं हेच आहे. उपाय असा: टेकायची जागा मध्यापासून जितकी बाजूला दिसते, त्याच्या दुप्पट बाजूला पांढऱ्याचा मध्य रोखायचा. तीस अंशांना हे दुप्पट अंतर नेमकं रंगीत बॉलच्या कडेवर येतं. मागून बघता पांढरा रंगीताचा अर्धा भाग झाकतो, म्हणून यालाच हाफ बॉल म्हणतात, आणि कड डोळ्यांना स्पष्ट दिसते म्हणून शिकायला हाच कट सगळ्यांत सोपा. थ्री-क्वार्टर, म्हणजे पाऊण भाग झाकून लागला तर कट साडेचौदा अंशांचा. क्वार्टर, म्हणजे पाव भाग झाकून लागला तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस. तिथं क्यू कडेच्याही बाहेर १४ मिलिमीटर, मोकळ्या जागेत रोखावा लागतो. मन तिथं कच खातं आणि शेवटच्या क्षणी हात आत वळतो. पातळ कट चुकतात ते बहुतेक यामुळंच.

डोळ्यांना ही मोकळी जागा पटवायची तर एक जादा बॉल घे. रंगीत बॉलच्या मागं, पॉकेटच्या रेषेत, त्याला चिकटवून ठेव. त्याच्या बुडाशी क्लॉथवर जिथं तो टेकलाय, बरोबर तिथं फाइलच्या कागदांना लावतात ती गोल कागदी रिंग चिकटव आणि बॉल उचल. आता पांढऱ्याचा मध्य त्या रिंगेवर न्यायचा, रंगीताकडं लक्षच द्यायचं नाही. यालाच घोस्ट बॉल म्हणतात. बॉल कुठंही असो, रिंग त्याच्या मध्यापासून ५७ मिलिमीटर मागं, पॉकेटच्या रेषेवरच येते.

हल्ली हॅल हाउल यांच्या नावानं ओळखली जाणारी नेम धरायची सेंटर-टू-एज पद्धत बरेच जण सांगतात, आणि तिच्यावर वादही पुष्कळ आहेत. तू सध्या तिच्या नादाला लागू नकोस. आधी घोस्ट बॉल डोळ्यांत बसू दे.

रिंगेवर अचूक पोचूनही बॉल थोडा जाडच गेला, तर ते थ्रो. दोन बॉल घासतात आणि पांढरा रंगीताला आपल्या जाण्याच्या दिशेला किंचित ओढून नेतो. हळू मारलेल्या स्टन शॉटला (टकरीच्या क्षणी पांढरा पुढं-मागं न फिरता नुसता घसरत असतो), हाफ बॉलच्या आसपास, हा फरक तीन-चार अंशांपर्यंत जातो. मीटरभर अंतरावर तीन अंश म्हणजे पाच सेंटिमीटर. बॉल पॉकेटच्या जबड्यात खडखडून बाहेर येतो. म्हणून हळू शॉट केसभर पातळ धरायचा, किंवा पांढरा चांगला फिरत जाईल असा टॉप द्यायचा, म्हणजे क्यू त्याच्या मध्याच्या वर मारायचा. आपल्याकडं पावसाळ्यात क्लॉथ दमट होतो, बॉल चिकट होतात, थ्रो वाढतो. मिसळ खाऊन तसेच तेलकट बोटांनी बॉल हाताळले की तेच. टेकायच्या जागी चॉकचा डाग असला तर बॉल एकमेकांना धरूनच ठेवतात. खेळायच्या आधी बॉल ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडे कर.

साइड, म्हणजे पांढऱ्याला मध्याच्या डावी-उजवीकडं मारणं, महिनाभर बंद ठेव. टिप (क्यूचं टोक) उजवीकडं लावली की पांढरा सुटतानाच थोडा डावीकडं सरकतो, आणि क्यूचा मागचा भाग उचललेला असेल तर पुढं वळून परतही येतो. लो-डिफ्लेक्शन शाफ्टमध्ये (क्यूच्या पुढच्या दांड्यात) टिपेकडचा वीतभर भाग हलका केलेला असतो, त्यामुळं हे सरकणं कमी होतं, संपत नाही. नकळत साइड लागतोय का, हे बघायला लांबचा सरळ स्टॉप शॉट मार. टक्कर झाल्यावर पांढरा जागेवर थांबला पाहिजे, भोवऱ्यासारखा फिरता कामा नये. फिरला, तर टिप मध्यावर लागत नाहीये.

आता उभं राहणं. तालमीत वस्ताद आधी पाय बघतो, डाव नंतर. इथंही तसंच. नेम उभ्यानंच ठरवायचा, खाली वाकल्यावर नाही. पांढऱ्याच्या मागं दोन पावलांवर उभा राहून रेष बघ, मागचा पाय त्या रेषेवर टाक, आणि हनुवटी त्याच रेषेवरून खाली आण. खाली गेल्यावर नेम चुकलासा वाटला तर क्यू सरकवून जुळवू नकोस, सरळ उठ आणि पुन्हा ये. तीन-चार वेळा क्यू हलवून बघ, मागं नेऊन क्षणभर थांब. क्यू सुटताना नजर रंगीत बॉलवर. पांढऱ्यावर शेवटची नजर फक्त ब्रेकला (डावाच्या पहिल्या फटक्याला) किंवा कुशनवरून क्यू उचलून मारताना.

रंगीत बॉल कोपऱ्याच्या पॉकेटपासून ६० सेंटिमीटरवर ठेव, पांढरा त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर, हाफ बॉलच्या कटाला. रिंग लावून वीस, मग रिंग काढून वीस. दर चुकलेल्या शॉटपुढं कागदावर ‘जाड’ की ‘पातळ’ एवढंच लिही. आठवड्याभराचा तो कागद मला पाठव. रिंगेशिवायचे जाड जास्त असले तर डोळा अजून जुन्याच जागी जातोय; जाड आणि पातळ दोन्ही सारखे असले तर पुढच्या पत्रात आपण तुझ्या कोपराकडं बघू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र