टायपिंगचा वेग यंत्राकडे गेला, आता मुलांना तपासणी शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणत्या नोकऱ्या जाणार आणि कोणत्या टिकणार, याविषयी वृत्तपत्रांतून सध्या पुष्कळ लिहिले जाते. परंतु ती चर्चा बहुधा पुण्या-बंगळूरच्या संगणक अभियंत्यांभोवतीच फिरते. परभणीत न्यायालयाजवळ मी गेली बावीस वर्षे टायपिंग आणि डीटीपीचे दुकान चालवते, आणि या चर्चेत ज्यांचे नावही निघत नाही अशा माणसांविषयी मला लिहायचे आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत तहसील, न्यायालय आणि दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आजूबाजूला टायपिंग करून, ऑनलाइन अर्ज भरून आणि दस्त तयार करून संसार चालवणारी कुटुंबे आहेत. आणि मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे टायपिंगचे प्रमाणपत्र हाती घेऊन लिपिक भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणारी मुले-मुली तर प्रत्येक तालुक्यात आहेत.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत जगभरात ९ कोटी २० लाख कामे जातील आणि १७ कोटी नवी निर्माण होतील, असा अंदाज आहे. झपाट्याने घटणाऱ्या कामांत लिपिकाचे आणि डेटा एंट्रीचे काम त्यांनी आवर्जून धरले आहे. जाणारे काम गंगाखेडच्या मुलीचे आणि येणारे काम भलत्याच शहरात असेल, तर १७ कोटींचा आकडा तिच्या काय उपयोगाचा?

आमच्या धंद्याला बदल नवा नाही. पेजमेकर आणि श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरवर मी शिकले. पुढे युनिकोड आले, जुने मॅटर नव्या फॉन्टमध्ये आणताना जोडाक्षरे फुटू लागली आणि ती एकेक करून दुरुस्त करण्यात आम्ही रात्री काढल्या. पण त्या प्रत्येक वेळी साधन बदलले आणि काम आमच्याकडेच राहिले. आता कामच हातचे जात आहे. मोबाइलसमोर बोलले की मराठी मजकूर उमटतो, छापील पानाचा फोटो काढला की त्याची अक्षरे वेगळी होतात आणि अर्जाचा कच्चा मसुदा मिनिटभरात तयार होतो. पूर्वी वकीलसाहेब समोर बसून मजकूर सांगत. आता ते तो तयार करूनच आणतात आणि "ताई, जरा नजर फिरवा" म्हणतात. सुरुवातीला या नजर फिरवण्याचे पैसे मागावेत, हे माझ्या मनातही आले नव्हते.

गेल्या वर्षी असेच एक वाटणीपत्र माझ्याकडे आले. मूळ हस्तलिखितात धाकट्या भावाच्या वाट्याला "१ हेक्टर ८ आर" लिहिले होते आणि यंत्राने केलेल्या स्वच्छ, सुबक प्रतीत "१.८ हेक्टर" आले होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. परंतु शंभर आरचा हेक्टर होतो, त्यामुळे १ हेक्टर ८ आर म्हणजे १.०८ हेक्टर, १.८ लिहिले की ते १ हेक्टर ८० आर होते. फरक ७२ आरचा, म्हणजे पावणेदोन एकराहून थोडा अधिक. हा कागद तसाच नोंदला गेला असता, तर दोन सख्ख्या भावांची पुढची दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली असती.

दुसरा कागद निजामाच्या काळातला, उर्दूतला. लहानपणी शेजारच्या अर्जनवीस (अर्ज लिहून देणाऱ्या) चाचांनी मला उर्दू वाचायला शिकवले, म्हणून अशी कामे माझ्याकडे येतात. यंत्राने त्याचे मराठी बऱ्यापैकी केले होते, मात्र शेवटी "सन १३५७" असे लिहून ते मोकळे झाले होते. ते फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातील महसुली कालगणनेचे साल होते, म्हणजेच इसवी सन १९४७-४८. हैदराबाद मुक्तीच्या आगेमागेचे वर्ष. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या तलाठ्याला हे सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र सांगावे लागले, आणि सांगितल्यावर त्याने ते लगेच मान्य केले! आधीचे उत्तरही त्याने तितक्याच ठामपणे दिले होते, याची मला अधिक काळजी वाटते.

तेव्हापासून दुकानाच्या दरपत्रकावर मी "दस्त तपासणी" अशी स्वतंत्र ओळ लिहिली, आणि आज निम्म्याहून अधिक मिळकत त्या एका ओळीतून होते. पण याची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पूर्वी माझ्याकडे तीन मुली टायपिंगला होत्या, आता एक आहे. तपासणीला तेवढे हात लागत नाहीत. म्हणून "एआय शिका, नोकरी पक्की" असे सांगत तीन महिन्यांच्या कोर्ससाठी भरमसाट फी उकळणाऱ्यांचा मला राग येतो. सोयाबीन विकून आलेला पैसा त्यात घालणारे आईबाप मी रोज पाहते.

दुकानात आलेली मुले विचारतात, "ताई, आता कोणता कोर्स करू?" मी त्यांना उलट विचारते, की यंत्राची चूक तुम्हाला कोणत्या विषयात पकडता येईल? शेतकऱ्याच्या मुलाला फवारणीच्या औषधाचे प्रमाण चुकले तर कळते, औषध दुकानात काम केलेल्या मुलीला गोळीची मात्रा खटकते, अडत दुकानात हिशेब लिहिलेल्याला पट्टीतली कपात जुळत नसल्याचे दिसते. तो आपला विषय. तो आणखी पक्का करावा आणि यंत्र त्याच्या हाताखाली ठेवावे. त्यासाठी फी लागत नाही. आपल्या ओळखीचे काम यंत्राकडून करून घ्यावे, उत्तराची छापील प्रत काढावी आणि लाल पेनाने चुकांवर खुणा कराव्यात. महिनाभर रोज हे केले की यंत्र कुठे घसरते याचा अंदाज येतो. मात्र दुसऱ्याचे आधार कार्ड, सातबारा किंवा दस्त फुकटच्या ॲपमध्ये टाकून हा सराव करू नये. तो कागद आपल्यावर विश्वास ठेवून दिलेला असतो.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील जुन्या दप्तरांतील मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधताना प्रशासनाची किती धावपळ झाली, हे आपण पाहिले. मोडी येणाऱ्यांनी तरी निर्धास्त राहावे का? तसेही नाही. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी यंत्रप्रणाली जाहीर केली. परंतु तिला शिकवण्यासाठी जमवलेल्या दोन हजारांहून अधिक मोडी पानांचे लिप्यंतर तज्ज्ञांनी तपासलेले आहे. म्हणजे यंत्राच्या आधीही जाणकार लागला आणि नंतरही लागणार. आपल्या दप्तरांतील फारसी-उर्दू महसुली शब्दांनी भरलेले कागद उद्या यंत्राला वाचायला दिले, तर ते बरोबर वाचले की नाही हे सांगणारी माणसे आपल्याकडे किती असतील?

म्हणून शासनाला आणि विद्यापीठांना माझी विनंती आहे. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेत वेगाबरोबरच तपासणीचाही पेपर ठेवावा. यंत्राने तयार केलेला सदोष दस्त आणि त्याचे मूळ उमेदवारासमोर ठेवून त्यातील चुका शोधायला सांगाव्यात. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांनी मोडी, उर्दू आणि महसुली परिभाषेचे छोटे वर्ग काढावेत. ते संध्याकाळी आणि तालुक्याच्या ठिकाणी भरावेत, कारण दुकान किंवा शेत सोडून दुपारी शिकायला येणे आमच्यापैकी कुणालाही परवडत नाही. चाळिशी ओलांडलेल्या टायपिस्टांनाही त्यात वयाची अट न लावता प्रवेश मिळावा.

यंत्राने चुकवलेले सत्तरएक उतारे मी गेल्या वर्षभरात पक्षकारांची नावे, गाव आणि गट क्रमांक काढून, चुकांवर लाल खुणा करून जपून ठेवले आहेत. एखाद्या महाविद्यालयाला किंवा टंकलेखन संस्थेला ते शिकवण्यासाठी हवे असतील, तर मी ते विनामूल्य देईन आणि रविवारी सकाळी येऊन समजावूनही सांगेन.

आपली विश्वासू,
एक डीटीपी व्यावसायिक, परभणी