फुगलेल्या बॅटऱ्या द्यायच्या कुठे?

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री, गोवा राज्य
पर्यटन भवन, पाटो, पणजी

महोदय, सादर नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याची. घरामागच्या तीन खोल्या पर्यटकांना देते. पर्यटन खात्याकडे त्यांची रीतसर नोंदणी आहे.

गेल्या नाताळच्या आठवड्यात चार मुलगे मोप्याचे विमान गाठायला पहाटेच निघाले. मी खोली झाडली, डब्यातला सुका कचरा पिशवीत बांधला आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईच्या हाती दिला. टेंपोत जागा व्हावी म्हणून तिने ती पिशवी पायाने दाबली. सुर्र असा आवाज आला, पांढरा धूर निघाला आणि पाठोपाठ जाळ. तिच्या घोट्याची कातडी भाजली. दोन आठवडे ती कामावर येऊ शकली नाही. पिशवीत पॉवर बँक होती. ती पिशवी मी बांधली होती, आणि हे मला अजून टोचते.

त्या चौघांपैकी एका मुलाला फोन केला. खोटे बोलला नाही तो. म्हणाला, ‘काकी, पॉवर बँक दोन दिवसांपूर्वी समुद्रात भिजली, मग फुगली. अशी बॅटरी विमानात नेता येत नाही, म्हणून टाकली.’ त्याचे नियमाचे ज्ञान बरोबर होते. खराब झालेली बॅटरी विमानात चालत नाही. चांगली पॉवर बँकसुद्धा चेक-इन बॅगेत नव्हे, हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि तिची क्षमता, म्हणजे तिच्यात मावणारी वीज, 100 वॉट-तासांच्या आत हवी. 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. बाजारातली 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॉट-तासांची असते, म्हणजे बहुतेकांची चालते. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली आणि संशय पॉवर बँकेवर गेला. तेव्हापासून विमानातल्या नियमांकडे लोक जास्त लक्ष देऊ लागले आहेत.

पण नेता येत नाही तर ठेवायची कुठे? मुलाने मला तेच विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

लिथियम बॅटरीत दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. बॅटरी आपटली, चेपली, फार तापली किंवा खारे पाणी आत शिरले, की आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. मग उष्णता वाढतच जाते आणि आतला ज्वलनशील द्रव पेटतो. विझली असे वाटून पुन्हा पेटते, म्हणून भरपूर पाण्याने गार करत राहावे लागते. आपल्या किनाऱ्यावर हे सगळेच घडते. स्पीकर वाळूत लोळतो, ड्रोन लाटेत पडतो, मोबाईल उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहतो. रात्री तीच उपकरणे उशीजवळ किंवा गादीवर चार्जिंगला लागतात, कारण खोलीत प्लग तेवढा एकच. तो माझाही दोष होता. आता प्रत्येक खोलीत टेबलाजवळ दोन प्लग काढून घेतले आहेत, आणि चार्जिंग गादीवर करू नका, झोपताना काढून ठेवा, हे पाहुणे आल्या आल्या सांगते.

कचरा हा पर्यटन खात्याचा विषय नव्हे, असे आपले अधिकारी म्हणतील. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ग्राहकाने त्या इतर कचऱ्यात मिसळू नयेत असेही लिहिले आहे. पण चार दिवसांसाठी आलेला माणूस इथे कुठला उत्पादक शोधणार? बॅटरी त्याच्या बॅगेतून येते आणि आमच्या डब्यात राहते. तिची झळ मात्र त्याला नाही, मला नाही, सगळ्यांत कमी पैसे मिळवणाऱ्या त्या बाईला बसते.

म्हणून दोन मागण्या. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पंचायतीत, मोपा आणि दाबोळी विमानतळांच्या दारात, थिवी आणि मडगाव स्टेशनांवर खराब बॅटऱ्या घेणारी पेटी ठेवा. ती पेटी धातूची असावी, सावलीत असावी, आणि ठरलेल्या दिवशी ती रिकामी करणारा प्रशिक्षित माणूस असावा. नुसती पेटी ठेवून विसरलात तर ती स्वतःच आगीचे कारण होईल. दुसरे, आमच्या नोंदणीच्या अटींतच चार्जिंगच्या सुरक्षित जागेची अट घाला आणि खोलीत लावायची सूचना खात्याने छापून द्या. मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजीत तर हवीच, आमच्या किनाऱ्यासाठी रशियनमध्येही हवी. आम्ही घरमालक ती भिंतीवर लावू, पाहुण्यांना समजावूही. कचरा उचलणाऱ्यांना जाड हातमोजे आणि बूट द्यायला पंचायतींना सांगता आले तर तेही सांगा.

यंदा चवथीनंतर पाहुणे येऊ लागले. तेव्हापासून आणखी दोन फुगलेल्या पॉवर बँका आणि एका खेळण्यातली बॅटरी माझ्याकडे जमली आहे. घरापासून लांब, विहिरीपलीकडच्या पत्र्याच्या शेडखाली, कोरड्या वाळूच्या डब्यात त्या ठेवल्या आहेत. नाताळची गर्दी सुरू होण्याआधी त्या कुठे आणून द्यायच्या, एवढे तरी कळवावे.

आपली नम्र,
एक घरमालकीण, मांद्रे