छोटीच्या डोळ्यांविषयी

रत्नागिरी

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पाच वर्षांच्या पोरीला कसलं ऑपरेशन?" आणि फोन तुझ्याकडे दिला. म्हणून सविस्तर लिहितेय. आई, त्यांना मोठ्याने वाचून दाखव, नाहीतर चष्मा सापडत नाही म्हणून टाळतील.

छोटीचा डोळा तिरळा होतो, म्हणजे बाहेर, कानाकडे जातो; पण सतत नाही. दमली, झोपेला आली, लांब बघताना तंद्री लागली की जातो. पुळणीवर उन्हात एक डोळा मिटते, तेही त्यातलंच. डॉक्टरांपुढे मात्र पहिल्यांदा दोन्ही डोळे सरळ! तेव्हा तू काढलेले शिमग्यातल्या पालखीचे फोटो कामी आले, त्यात तिचा डोळा बाहेर गेलेला दिसतो.

तपासणी साधीच असते. आधी एक डोळा झाकतात, मग दुसरा. झाकण काढलं की बाहेर गेलेला डोळा सरकन जागेवर येतो. मग पुढे प्रिझम, म्हणजे पाचरीसारखी काच धरून, ती हालचाल थांबेपर्यंत बदलत राहतात. डोळा किती वळतो ते त्या काचेच्या मापावरून कळतं; लांबचं बघताना तिचा आकडा 35 आला. थेंब घालून नंबर काढला, आतला पडदाही पाहिला, तो चांगला आहे. चष्मा आणि पट्टी करून काही महिने वाट पाहिली. पण आता डोळा दिवसातला बराच वेळ बाहेरच असतो. एका चाचणीत खास चष्मा लावून चित्रातल्या माशीचे पंख चिमटीत पकडायचे असतात. दोन्ही डोळे मिळून बघत असतील तर पंख कागदावरून वर आलेले दिसतात. आधी ती हवेत चिमटी धरायची, आता बोट सरळ कागदावर ठेवते. दोन्ही डोळे मिळून बघण्याची सवय मोडत चाललीय, म्हणून घाई. शेजारच्या काकू म्हणतात, चकणी पोर नशीबवान असते. तिच्या लग्नाच्या वेळी त्याच काकू काय म्हणतील, ते मी आत्ताच सांगू शकते.

बाबा, डोळा बाहेर काढून ठेवत नाहीत. डोळा फिरवणारे सहा स्नायू असतात. त्यातला कानाकडचा, दोन्ही डोळ्यांचा, सोडवून सात-साडेसात मिलिमीटर मागे शिवायचा. टाके आपोआप विरघळतात. पूर्ण भूल देतात, पण संध्याकाळी घरी सोडतात. नंतर दोन-तीन आठवडे डोळे लालभडक दिसतील. सुरुवातीला जरा आत वळलेलेही दिसतील, दोन-दोन दिसतंय म्हणेल; मुद्दामच थोडं जास्त आत वळवून ठेवतात, कारण पुढे डोळा परत बाहेर सरकू पाहतो. काहींना काही वर्षांनी दुसरं ऑपरेशन लागतं, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. चष्मा जाणार नाही.

सुट्टीत ती तिकडे येईल तेव्हा काजळ नको, दूध-तुपाचे उपाय नकोत, आणि डॉक्टर म्हणतील तोवर समुद्रात पोहणं बंद. हे बाबांसाठी.

ऑपरेशनला कोल्हापूरला जायचंय. आंबा घाटात तिला गाडी लागते, म्हणून आदल्या दिवशीच निघू. आंबा उतरवायचा असेल तर बाबा राहू देत, पण आई, तू येच. फक्त ऑपरेशनच्या सकाळी तिचं पोट रिकामं हवं. रडली तरी पदराआडून खोबऱ्याची वडी द्यायची नाही.

तुमची,
बाय